फ्लास्क, एसक्यूएलअल्केमी आणि एकाच सकाळचं दूध दोनदा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे आत्ता वाचायला आलेल्यांनाही कळेल. प्रश्न विचारणाऱ्यांनी गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी फ्लास्कमध्ये (पायथनचं एक लहान वेब फ्रेमवर्क) एपीआय केलंय, म्हणजे मोबाईल ॲप ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हरवरचा प्रोग्राम. पायथनमधून डेटाबेसशी बोलायला फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी, मायग्रेशनला (टेबलांच्या रचनेतले बदल) फ्लास्क-मायग्रेट, जेसनसाठी (ॲप आणि सर्व्हर ज्या फॉर्मॅटमध्ये माहिती पाठवतात तो) मार्शमॅलो. लॅपटॉपवर एसक्यूलाईट (एका फाईलमधला छोटा डेटाबेस) होतं तोवर सगळं छान चाललं. आता सर्व्हरवर पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस आहे, ३५० उत्पादक आहेत, केंद्रावरचा ऑपरेटर मोबाईल ॲपमधून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकतो, आणि तीन तक्रारी आल्यात. एक, एकाच सकाळचं दूध कधीकधी दोनदा पडतं. दोन, पहाटेच्या पहिल्या काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेला जातात. तीन, दहा दिवसांच्या बिलाची यादी उघडायला सात-आठ सेकंद लागतात. शेवटी विचारलंय की फ्लास्क सोडून फास्टएपीआय हे दुसरं फ्रेमवर्क घेऊ का.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न फ्रेमवर्कचा नाहीच आहे. मी दहा-अकरा वर्षं हेच काम करतोय, त्यात फ्रेमवर्क तीनदा बदलली आणि या तिन्ही तक्रारी प्रत्येक ठिकाणी भेटल्या. जो नियम डेटाबेसने सांभाळायचा तो तुम्ही पायथनच्या इफमध्ये ठेवलाय, आणि जी बेरीज डेटाबेसने करायची ती पायथन लूप लावून करतंय. तारखेचं जरा वेगळं आहे, तिथे दिवस कोणाचा धरायचा हेच ठरलेलं नाही. आता एकेक घेऊ. मधे काही गोष्टी तुमच्या केंद्राच्या पद्धतीवर अवलंबून आहेत, त्या त्या जागी सांगतो, त्यांचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, ऑपरेटरलाच विचारावं लागेल.

दुहेरी नोंदीपासून सुरुवात करतो कारण त्यात पैसे आहेत. तुमचा कोड असा आहे: रिक्वेस्ट आली की आधी क्वेरी करून बघायचं की या उत्पादकाची आज सकाळची नोंद आहे का, नसेल तर टाकायची. वाचायला बरोबर वाटतं. पण बघणं आणि टाकणं या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या मधे फट आहे. केंद्रावर नेटवर्क एका काडीवर, ऑपरेटरने सेव्ह दाबलं, रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली पण उत्तर परत यायला वेळ लागला, ॲप म्हणालं टाइमआउट, रांगेत माणसं उभी आहेत, त्याने परत दाबलं. आता सर्व्हरवर गुनिकॉर्नचे (फ्लास्कचं ॲप चालवणारा प्रोग्राम) चार वर्कर, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या चार प्रोसेस, असतील तर पहिली रिक्वेस्ट एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे, दोघांनीही बघितलं "नोंद आहे का", दोघांनाही "नाही" असं उत्तर मिळालं, दोघांनीही टाकली.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलाकडून हे एकदा करून घेतो. तपासणाऱ्या क्वेरीच्या खाली आणि ॲडच्या वर एक टाइम डॉट स्लीप पाच सेकंदांचा टाका. दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडा, दोन्हीत तीच कर्लची (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) कमांड, तोच उत्पादक, तीच तारीख. एकात एंटर मारा, दोन सेकंदांनी दुसऱ्यात मारा. दोन्हीकडून २०१ (नोंद तयार झाली असा कोड) येतं आणि टेबलात दोन ओळी बसलेल्या असतात. प्रत्यक्षात ती फट पाच सेकंदांची नसते, काही मिलिसेकंदांचीच असते, पण महिन्याला वीस-एकवीस हजार नोंदी पडणाऱ्या ठिकाणी तेवढी पुरते.

यावर उपाय डेटाबेसमध्येच. संकलनाच्या टेबलवर युनिक कॉन्स्ट्रेंट लावायचा (तीच ओळ दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम), उत्पादक, तारीख, सत्र आणि दुधाचा प्रकार या चार कॉलमवर मिळून, कारण एकाच घरातून गायीचं आणि म्हशीचं वेगवेगळं येतं. मग कितीही वर्कर असोत, दुसरी ओळ पोस्टग्रेस घेणारच नाही. पण थांबा, आधी ऑपरेटरला एक विचारा: एकाच सत्रात एखादा माणूस दोन वेळा दूध आणतो का? काही ठिकाणी मोठ्या गोठ्याचं दूध दोन कॅनमधून येतं आणि दोन्हींचं फॅट वेगळं लावतात, अशा ठिकाणी दोन नोंदी खऱ्याच असतात आणि हा चार कॉलमचा कॉन्स्ट्रेंट खरं दूध नाकारेल. त्यामुळे तो लावायचा की नाही हे केंद्र ठरवणार, तुम्ही नाही आणि मी पण नाही.

जे दोन्हीकडे चालतं ते असं: नोंदीचा आयडी सर्व्हरने द्यायचा नाही, मोबाईल ॲपने द्यायचा. ऑपरेटरने फॉर्म उघडला की ॲप एक यूयूआयडी (दुसऱ्या कोणाला येणार नाही असा लांब ओळखक्रमांक) बनवतं, आणि सेव्ह तीनदा दाबलं तरी तोच यूयूआयडी जातो. टेबलात तो प्रायमरी की किंवा युनिक कॉलम. मग सर्व्हरला फरक कळतो. तोच यूयूआयडी परत आला म्हणजे ही जुनीच रिक्वेस्ट आहे, शांतपणे असलेली नोंद २०० (सगळं ठीक) या कोडसोबत परत द्या, ॲपला वाटेल सेव्ह झालं आणि खरंच झालेलं असतं. यूयूआयडी नवा पण सत्र तेच, आणि तुमच्या केंद्रात सत्राला एकच नोंद चालत असेल, तर ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर होते) द्या आणि सोबत स्पष्ट मेसेज द्या की या सत्राची नोंद आधीच आहे, इतके लिटर, इतके वाजता. रेस्टच्या भाषेत बोलायचं तर हे पोस्टपेक्षा पुट या रिक्वेस्टच्या प्रकाराला जास्त शोभतं, कारण एचटीटीपीच्या नियमात पुट कितीही वेळा पाठवलं तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा असायला हवा, पोस्टला तशी हमी नाही. नेटवर्क कच्चं असलेल्या ठिकाणी मी नवीन नोंदीसाठी सरळ पुटच वापरतो, यूआरएलमध्ये यूयूआयडी.

इथे एक्स्टेन्शनची एक खाच आहे. कॉन्स्ट्रेंट मोडला की कमिटच्या (बदल पक्के करायच्या) वेळी इंटेग्रिटी एरर येतो, तो पकडलात की सगळ्यात पहिली ओळ सेशन रोलबॅक (अर्धवट बदल मागे घेणं). ती विसरलात आणि त्याच रिक्वेस्टमध्ये जुनी नोंद शोधायला गेलात की पेंडिंग रोलबॅकची वेगळीच एरर येते आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. दुसरं म्हणजे इंटेग्रिटी एरर फक्त युनिकचा नसतो. उत्पादकाचा क्रमांक अस्तित्वात नसेल तरी तोच, नॉट नल कॉलम रिकामा असेल तरी तोच. सगळ्यांना ४०९ दिलंत तर ऑपरेटरला "नोंद आधीच आहे" दिसेल आणि खरं कारण वेगळंच असेल. म्हणून प्रत्येक कॉन्स्ट्रेंटला स्वतः नाव द्या, एररमध्ये ते नाव येतं (नॉट नलला कॉलमचं नाव) आणि त्यावरून उत्तर ठरवता येतं. नाव असलं की पुढे मायग्रेशनमध्ये तो कॉन्स्ट्रेंट काढणंही सोपं जातं.

आणि हो, हे लॅपटॉपवर का दिसलं नाही? एक तर तिथे एकटे तुम्हीच बटण दाबत होतात. दुसरं कारण एसक्यूलाईट. त्यात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारा दुवा) लिहिलेली असली तरी डिफॉल्टला ती तपासली जात नाही, प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा ही सेटिंगची कमांड देऊन चालू करावी लागते. स्ट्रिंग दहा अक्षरांची म्हटलं आणि चाळीस अक्षरं टाकली तरी ते गपचूप घेतं. एसक्यूलाईट वाईट आहे असं अजिबात नाही, तुमच्या मोबाईल ॲपमध्ये ऑफलाईन नोंदी ठेवायला त्यापेक्षा चांगलं काही नाही. पण सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल तर लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच ठेवा, डॉकरमध्ये एका कमांडचं काम आहे. ज्या डेटाबेसवर लोकांचं बिल निघणार त्याच्यावरच टेस्ट व्हायला हवी.

आता तारीख. तुम्ही लिहिलंय की "फक्त पहिल्या काही नोंदी" आदल्या दिवशी जातात, त्यावरूनच निदान होतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. केंद्र पहाटे पाचला उघडतं, तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तुमच्या मॉडेलमध्ये (टेबलाचं पायथनमधलं वर्णन) तारखेच्या कॉलमला डिफॉल्ट म्हणून डेट डॉट टुडे आहे, ते सर्व्हरचा दिवस घेतं, म्हणून साडेपाचच्या आधी आलेलं सगळं दूध कालच्या खात्यावर. साडेपाच वाजले की आपोआप बरोबर व्हायला लागतं, त्यामुळे तुम्ही नऊ वाजता चेक करता तेव्हा काही सापडत नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या दोन कॉलममध्ये ठेवा. संकलनाची तारीख हा व्यवहारातला दिवस आहे, वहीत वरती लिहितात तो. तो साधा डेट कॉलम, आणि तो ॲपकडून यावा, कारण नेट नसताना सकाळी टाकलेली नोंद दुपारी सर्व्हरला पोचू शकते. नोंद कधी झाली ही दुसरी गोष्ट, ती टाइमझोनसकटच्या डेटटाइम कॉलममध्ये यूटीसीत ठेवा. सर्व्हरवर "आज" काढायची वेळ आलीच तर झोनइन्फोमधून एशिया/कोलकाता घेऊन काढा, पायथन ३.९ पासून ते आतच येतं. यूटीसीनाऊ वापरत असाल तर सोडा, ते टाइमझोन न लावलेली वेळ देतं आणि पायथन ३.१२ पासून ते डेप्रिकेटेडही आहे. आणखी एक, फ्लास्कचं जेसनिफाय तारखेचं जेसन करताना एचटीटीपी हेडरमध्ये असते तशी, वाराच्या नावापासून सुरू होणारी आणि शेवटी जीएमटी लावलेली स्ट्रिंग करतं. म्हणजे टाइमझोन नसलेली भारतीय वेळ तुम्ही दिलीत तरी ते तिला जीएमटी म्हणून पाठवतं आणि मोबाईल त्यात अजून साडेपाच तास मिळवतो. म्हणून तारखा नेहमी मार्शमॅलोच्या स्कीमामधून (कोणती माहिती कशी आत-बाहेर जाईल याचं वर्णन) आयएसओ फॉर्मॅटमध्येच बाहेर काढायच्या.

तिसरी तक्रार, सात-आठ सेकंदांची यादी. यात मला कोड बघायच्या आधीच अंदाज आला, कारण आकडा बोलतोय. तुमचा डेटाबेस वेगळ्या मशीनवर आहे असं लिहिलंय. एका क्वेरीची जाऊन-येऊन २० मिलिसेकंद धरा. उत्पादकांची यादी आणायला एक क्वेरी, आणि मग लूपमध्ये प्रत्येकाचं "संकलने" हे रिलेशनशिप (त्याच्याशी जोडलेल्या नोंदी) वाचलं की एसक्यूएलअल्केमी त्या एकट्याची क्वेरी टाकतं. ३५० जण, ३५१ क्वेऱ्या, गुणिले २० मिलिसेकंद, सात सेकंद. लॅपटॉपवर एसक्यूलाईट त्याच प्रोसेसमध्ये असतं, जाऊन-येऊन असं काही नसतंच, म्हणून तिथे कळलं नाही. खात्री करायची असेल तर कॉन्फिगमध्ये एसक्यूएलअल्केमी एको ट्रू करा आणि ती यादी एकदा उघडा, टर्मिनलवर सिलेक्टचा पाऊस पडेल.

आणि हा लूप तुमच्या कोडमध्ये दिसत नसेल तर मार्शमॅलोच्या नेस्टेड फील्डमध्ये बघा. स्कीमा ऑब्जेक्टचा ॲट्रिब्यूट वाचतो, ॲट्रिब्यूट वाचला की लेझी लोड (गरज पडली तेव्हाच क्वेरी टाकणं) होतो, व्ह्यूमध्ये एक साधी डंपची ओळ असते पण मागे शेकडो क्वेऱ्या चाललेल्या असतात.

गुगल केलंत तर लगेच उत्तर मिळेल की सिलेक्टइनलोड लावा. सर्वसाधारणपणे ते बरोबर आहे, सगळ्या पोटनोंदी थोडक्या क्वेऱ्यांत येतात, आणि एकेकच पालक असेल तिथे जॉइन्डलोड चांगलं. पण तुमच्याकडे ते लावू नका. रिलेशनशिप म्हणजे त्या उत्पादकाच्या सगळ्या नोंदी, पहिल्या दिवसापासूनच्या. ३५० जण, दिवसाला दोन सत्रं, वर्षाला अडीच लाखांच्या वर ओळी. आज पंधरा दिवसांचा डेटा आहे म्हणून पटकन येईल, दिवाळीपर्यंत सर्व्हरची मेमरी भरेल. तुम्हाला तर बिलाच्या यादीत नोंदी दाखवायच्याच नाहीत, फक्त एकूण लिटर आणि एकूण रक्कम दाखवायची आहे. मग तारखेची मर्यादा घालून सम आणि ग्रुप बाय ही एकच क्वेरी लिहा, उत्पादकाच्या आयडीवर गट. डेटाबेस ते काम क्षणात करतो आणि तुमच्याकडे येतात फक्त ३५० ओळी. नोंदींचा तपशील हवा असेल तेव्हा एका उत्पादकाच्या पानावर वेगळ्या यूआरएलने, तारखेच्या मर्यादेसकट. आणि त्या रिलेशनशिपला लेझी रेझ लावून ठेवा, म्हणजे पुढे कोणी चुकून लूपमध्ये वाचलं तर गुपचूप हळू होण्याऐवजी डेव्हलपमेंटमध्येच एरर येईल. माझ्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये मोठ्या रिलेशनशिपला हे असतंच.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीये पण मॉडेलमध्ये रक्कम, दर, फॅट सगळं फ्लोट दिसलं म्हणून सांगतोच. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३०००००००००००००००४ येते. हे तीनशे-साडेतीनशे बिलांत साचलं की हिशेब जुळत नाही. न्युमेरिक कॉलम घ्या, पायथनमध्ये डेसिमल. आणि तेवढ्यावर थांबू नका, राऊंडिंग ठरवा. ७.५ लिटर गुणिले ३३.३५ रुपये म्हणजे बरोबर २५०.१२५. पायथनचं डेसिमल सांगितलं नाही तर सम आकड्याकडे वळवतं, २५०.१२ देतं. पोस्टग्रेसचं राऊंड न्युमेरिकला २५०.१३ करतं. म्हणजे ॲपवर एक रक्कम आणि रिपोर्टमध्ये दुसरी, फरक एका पैशाचा, पण शेतकरी दोन्ही कागद शेजारी धरून विचारतो तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं, आणि विश्वास तिथेच जातो. प्रत्येक नोंदीला राऊंड करायचं की दहा दिवसांच्या बेरजेला, हे संघ ज्या पद्धतीने बिल काढतो तसं करा, त्यांच्या जुन्या दोन-तीन बिलांवर ताडून बघा. मी क्वांटाईज वापरून राऊंड हाफ अप स्पष्ट लिहितो आणि रक्कम एकाच फंक्शनमध्ये, नोंद टाकतानाच काढून ओळीत साठवतो, त्यावेळचा दरही त्याच ओळीत. दरपत्रक बदलतं, आणि दर नुसता दुसऱ्या टेबलवरून वाचत राहिलात तर मागची बिलंही बदलतील. जेसनमध्ये रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवा, मार्शमॅलोच्या डेसिमल फील्डला तसा पर्याय आहे.

ओघाने स्कीमाबद्दल. आत येणारा आणि बाहेर जाणारा स्कीमा वेगळा ठेवा. रक्कम बाहेर दिसेल पण आत येणार नाही, ती सर्व्हरच काढणार. पासवर्डचा हॅश आत-बाहेर कुठेच नको. मॉडेलवरून आपोआप स्कीमा बनवणारी सोय आहे, सुरुवातीला छान वाटते, पण उद्या टेबलात एक कॉलम वाढवलात की तो न सांगता एपीआयमधून बाहेर जायला लागतो. मी फील्ड हातानेच लिहितो, थोडं टायपिंग जास्त. चुकीच्या इनपुटला मार्शमॅलो व्हॅलिडेशन एरर टाकतं, त्यासाठी ॲपला एकच एरर हँडलर लावा जो ४२२ (इनपुट चुकलं) आणि फील्डनिहाय मेसेज देईल. ४०४ (सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरची चूक) यांनाही जेसनचे हँडलर लावा, फ्लास्क डिफॉल्टला एचटीएमएलचं पान देतं आणि तुमचं मोबाईल ॲप ते जेसन समजून वाचायला जातं.

सगळा कोड एकाच फाईलमध्ये आहे आणि वेगळा करायला गेलं की सर्क्युलर इम्पोर्ट होतो, असंही लिहिलंय. याचं कारण डीबी ऑब्जेक्ट ॲपच्या फाईलमध्ये बनतो, मॉडेल त्याला इम्पोर्ट करतात आणि ॲप मॉडेलना इम्पोर्ट करतं. एक एक्स्टेन्शन्स नावाची फाईल करा, त्यात डीबी, मायग्रेट वगैरे ॲप न देता नुसते तयार करा. मॉडेल त्या फाईलवरून डीबी घेतील. मग क्रिएट ॲप नावाचं फंक्शन, त्यात ॲप बनवायचं, प्रत्येक एक्स्टेन्शनचं इनिट ॲप बोलवायचं, ब्लूप्रिंट (यूआरएलांचे वेगवेगळे गट) जोडायचे. उत्पादक, संकलन, बिल असे तीन ब्लूप्रिंट तुम्हाला पुरेत. याचा खरा फायदा टेस्टला होतो, कारण त्याच फंक्शनला दुसरा कॉन्फिग देऊन टेस्टच्या डेटाबेसवर ॲप उभं करता येतं.

एक समजून घ्या, त्याने एरर वाचायला मदत होईल. फ्लास्कला डेटाबेस म्हणजे काय हे मुळात माहीतच नाही. २०१० साली आर्मिन रोनाकर यांनी ते काढलं तेच लहान ठेवण्यासाठी. एसक्यूएलअल्केमी त्याच्याही आधीची, माईक बायर यांची, मायग्रेशनचं अलेम्बिकही त्यांचंच. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी आणि मिगेल ग्रिनबर्ग यांचं फ्लास्क-मायग्रेट हे मधले सांधे. त्यामुळे ट्रेसबॅकच्या शेवटी कोणाचं नाव आहे ते बघायचं आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये शोधायचं. जुन्या ट्युटोरियलमध्ये मॉडेल डॉट क्वेरी दिसेल, ते अजून चालतं पण जुनं झालंय, २०२३ च्या जानेवारीत एसक्यूएलअल्केमी २.० आलं तेव्हापासून सिलेक्ट लिहून सेशनला द्यायचं. नवीन कोड तसाच लिहा.

मायग्रेशनला मी फार जपतो आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या कामात आम्ही मॉडेलमध्ये मोबाईल नावाचा कॉलम बदलून फोन केला, मायग्रेटची कमांड दिली, तयार झालेली फाईल न वाचता सर्व्हरवर अपग्रेड केलं. अलेम्बिक नाव बदललेलं ओळखत नाही. त्याला दिसतं की मोबाईल कॉलम गेला आणि फोन नावाचा नवा आला, म्हणून ते एक ड्रॉप करतं आणि दुसरा रिकामा जोडतं. सगळ्या ग्राहकांचे नंबर एका क्षणात गेले. रात्रीचा बॅकअप होता म्हणून परत आणता आले, तरी त्या दिवशी सकाळपासून भरलेले नंबर परत मागायला फोन करता येत नव्हते, कारण नंबरच नव्हते. तेव्हापासून तयार झालेली मायग्रेशनची फाईल पूर्ण वाचल्याशिवाय मी अपग्रेड चालवत नाही, आणि नाव बदलायचं असेल तर ते ड्रॉप-ॲड काढून हाताने अल्टर कॉलम लिहितो.

तुमच्या कोडमध्ये सुरुवातीला क्रिएट ऑल पण आहे, ते काढून टाका. ते फक्त नसलेली टेबलं बनवतं, असलेल्या टेबलात बदल करत नाही, आणि मायग्रेशनसोबत ठेवलं की कोणतं टेबल कोणी बनवलं याचा गोंधळ होतो. भरलेल्या टेबलात नॉट नल कॉलम जोडायचा असेल तर मॉडेलमधला डिफॉल्ट कामाचा नाही, तो पायथनच्या बाजूचा असतो. आधी नल चालेल असा जोडा, जुन्या ओळी भरा, मग नॉट नल करा. पोस्टग्रेसमध्ये हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, मधे काही फुटलं तर सगळं मागे जातं.

पहाटे पहिली रिक्वेस्ट कधीकधी ५०० देते असंही शेवटी एका ओळीत लिहिलंय तुम्ही. रात्रभर कोणी वापरत नाही, मधल्या कोणीतरी कनेक्शन तोडलेलं असतं आणि पूलला (उघडी कनेक्शन सांभाळून ठेवणारा साठा) ते माहीत नसतं. इंजिन ऑप्शन्समध्ये पूल प्री पिंग ट्रू करा, वापरायच्या आधी कनेक्शन जिवंत आहे का ते तपासलं जातं. एवढंच.

आता फास्टएपीआय. चांगलं आहे, इनपुट तपासणी आणि डॉक्युमेंटेशन आतच मिळतं, आणि आज कोरी पाटी असती तर मी त्याचा विचार केला असता. किंवा केंद्राच्या सेक्रेटरीला स्वतः डेटा बघायचा-दुरुस्त करायचा असता तर जँगो हे तिसरं फ्रेमवर्क, त्याचं ॲडमिन तयारच असतं. पण तुम्ही आज बदललंत तरी खाली एसक्यूएलअल्केमी तीच राहणार, ती फट तशीच राहणार, साडेपाच तास तसेच राहणार. वर असिंक (उत्तराची वाट बघताना दुसरं काम चालू ठेवायची पद्धत) घेतलंत तर लेझी लोडिंग हळू चालण्याऐवजी सरळ एरर देतं, म्हणजे शिकायचं अजून एक वाढलं. चालू केंद्र आहे, रोज पहाटे पाचला लोक रांगेत उभे राहतात, त्यांच्या खाली फ्रेमवर्क बदलू नका.

करायचा क्रम मी असा धरीन. आज बॅकअप चालू करा आणि तो एकदा दुसरीकडे रिस्टोर करून बघा. मग तारखेची दुरुस्ती, ती लहान आहे आणि रोज नवीन चुका होतायत. मग बिलाची ग्रुप बायची क्वेरी. मग यूयूआयडी, त्याला मोबाईल ॲपचंही नवीन व्हर्जन लागेल, म्हणून जुनं ॲप यूयूआयडी पाठवत नसेल तरी काही दिवस चालेल असं ठेवा. फाईली वेगळ्या करणं सगळ्यात शेवटी.

कॉन्स्ट्रेंट लावायच्या आधी एक काम उरतंच. टेबलात आत्ता ज्या दुहेरी नोंदी पडल्यात त्या असेपर्यंत पोस्टग्रेस तो कॉन्स्ट्रेंट लावूच देणार नाही. चार कॉलमवर ग्रुप बाय करून जिथे मोजणी एकपेक्षा जास्त आहे त्या ओळी काढा. पण त्यातली एक ठेवून बाकी उडवणारी क्वेरी चालवू नका, मोह होतो पण नको. लिटर आणि फॅट दोन्ही तंतोतंत सारखं आणि वेळेत मिनिटभराचा फरक असेल तर ती बहुतेक परत दाबलेली नोंद आहे. लिटर वेगळे असतील तर ती दुसरी कॅन असू शकते, किंवा ऑपरेटरने चूक सुधारायला परत टाकलेली असू शकते. आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदींची तारीख आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर कालची खरी नोंद आणि आजची चुकून काल गेलेली नोंद तुम्हाला दुहेरी वाटेल आणि एका माणसाचं खरं दूध उडेल. ती यादी छापा, केंद्रावर जा, वहीशी एकेक ओळ ताडा, ऑपरेटर समोर असताना. उडवायच्या ओळी वेगळ्या टेबलात हलवून ठेवा, कोणी दोन महिन्यांनी विचारलं तर दाखवता येईल. पुढचं बिल निघायच्या आत हे झालं पाहिजे. ग्रुप बायची क्वेरी लिहिताना अडलात तर संकलनाचं मॉडेल इथे टाका, मी रात्री बघतो.